विरजण

देयानिरा तुमाय
बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून
माझ्या पिशवीत नाक घालते.
"नुसती माती तर आहे."
मी म्हणते, नुसती नाही.
मला तरी कुठे दिसते ती बुरशी उघड्या डोळ्यांनी.
योपालच्या प्रयोगशाळेत
मुळं निळ्या रंगात बुडवून काचेखाली धरली
की मगच ती कबूल होते.

ही कासानारेची जमीन.
लाल, आंबट,
पाऊस पडला की घसरडी, थांबला की वीट.
स्फुरद आहे तिच्यात, पण गच्च धरलेलं,
कवडीचुंबकाच्या कनवटीसारखं.
कसाव्याचं मूळ जाडं, त्याला केस विरळ,
हात पुरत नाही त्याचा.
म्हणून हा पाहुणा.
मुळाच्या आत बिऱ्हाड थाटतो,
बाहेर मातीत सुताहून बारीक सूत सोडतो,
बोटभर लांबून कण कण ओढून आणतो
आणि मोबदल्यात झाडाची साखर खातो.

"म्हणजे घरजावई," देयानिरा म्हणाली.
"कामाचा," मी म्हणाले.
"मग जावई नव्हे."

तिचा दीर एउक्लिदेस घोड्यावरूनच हसला.
आज जमिनीला औषध,
उद्या गाईला चष्मा.

वीस ओळी आखल्या.
दहा ओळींत प्रत्येक कांडीखाली चमचाभर,
दुधाला विरजण लावावं तसं.
दहा कोरड्या.
कोरड्यांना लाल फीत.
मी बजावलं, यांना काही द्यायचं नाही,
खत नाही, राख नाही, माया नाही.
तुलना हवी आपल्याला.
तिनं मान हलवली.

मग महिने.
फरक नाही. फरक नाही.
माझ्याच अक्षरात, वहीत सात वेळा.
पाऊस सरला, गवत पिवळं पडलं,
फेब्रुवारीत आम्ही खोडं धरून ओढली.
कंद निघाले मांडीएवढे,
अंगावरची माती सोडता सोडेनात.

आणि लाल फितीच्या ओळीतलेही
मांडीएवढे.
किंचित वाकडे, इतकंच.

मी वजनकाटा दोनदा पुसला.
दहा महिन्यांचं काम एका दुपारी मातीमोल.
देयानिरा कॉफी गाळत राहिली,
नको तितका वेळ.

मग म्हणाली,
"एका पंगतीला बसवलेली पोरं.
निम्म्यांना वाढायचं
आणि निम्म्यांकडे नुसतं बघत राहायचं.
माझ्यानं नाही झालं."

नदीकाठी रानाचा एक तुकडा आहे,
तिच्या आईनं कधी तोडू दिला नाही.
लागवडीच्याच रात्री, बॅटरी दातांत धरून
तिथल्या झाडांच्या बुडाची माती
तिनं लाल फितींना मूठ मूठ घातली होती.
"ग्वारापोचं मडकं कधी पुरतं धुतो का आपण?
तळाशी जुना घोट ठेवतोच.
आई नवं वावर केलं की अशीच माती न्यायची.
का, ते तिलाही सांगता यायचं नाही.
मला तुझ्याकडून कळलं."

त्या रात्री योपालला
मी लाल ओळींची मुळं काचेखाली धरली.
निळी सुतं. गर्दी.
माझ्या पिशवीतल्यांपेक्षा जाड,
गाठी वेगळ्याच,
ओळखीची एकही नाही.
अहवालात एक रकाना असतो, 'तुलनेच्या ओळी'.
पेन उघडं ठेवून मी बराच वेळ बसले.

परत गेले ती रिकामी पिशवी घेऊन.
"किती नेऊ?"
"मूठभर. आणि पीक आलं की
पहिला कंद तिथे नेऊन पुरायचा.
दान नाही ते. उसनं आहे."

आम्ही रानातून बाहेर आलो तेव्हा
एउक्लिदेस घोड्यावरून उतरलेला होता.
हातात मिठाचं रिकामं पोतं.
कुणाकडेच न बघता
घोड्याच्या आयाळीतले काटे
एकेक करून काढत होता.